‘ह्यांच्या’ फियाटवर सहा लाख घालावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका शिक्षिका ताईंचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र नाही. त्यांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट दारात उभी आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला सहा लाख घालून ती नव्यासारखी करायची आहे, आत आधुनिक इंजिन बसवायचं आहे आणि मग लग्नांना भाड्याने द्यायची आहे. दीर म्हणतात, साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक आलंय, विकून मोकळ्या व्हा. विम्याचे ४० लाख बँकेत आहेत, घराचं ११ लाखांचं कर्ज बाकी आहे (८.७५ टक्के), मुलगी अकरावीत, सासूबाई सोबत राहतात.

ताई,

तुमच्या पत्रात गाडीपेक्षा तेच जास्त भेटले. पुढच्या सलग सीटवर तीन पोरं कोंबून त्र्यंबकला निघणारे, चढावर इंजिन तापलं की बॉनेट उघडून ‘गाडी दमली, आपण भेळ खाऊ’ म्हणणारे. अशा माणसाची गाडी विकायला मन धजत नाही, हे मला समजतं. मी विका म्हणणारही नाही. पण सहा लाखही घालू नका.

हेच सहा लाख कर्जात भरलेत तर पहिल्याच वर्षी सुमारे ५२,५०० रुपये व्याज वाचतं. मुलगी दीड-दोन वर्षांत कॉलेजला जाईल, तिची फी तुमच्या एकटीच्या पगारावर येणार. शिवाय सहा लाख हा गॅरेजवाल्याचा आजचा आकडा. जुन्या गाडीचा रंग खरवडला की खालचा सडका पत्रा दिसायला लागतो आणि टिनकामाचं बिल फुगतं. विकताना हा खर्च वसूल होईल असं धरून चालू नका.

मुलाच्या बेतात याहून मोठी अडचण आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं. म्हणजे नवं इंजिन टाकलं की हा रस्ताच बंद. आणि व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला काढता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. साध्या खासगी नोंदणीवरही भाडं घेता येत नाही. तेव्हा लग्नांचं उत्पन्न हिशेबातून काढून टाका.

मी काय करीन? मूळ इंजिन दुरुस्त, ब्रेक नवे, वायरिंग आणि रबर बदललेले, टायर चांगले. रंग आहे तसाच. याला दीड लाखाची मर्यादा घालायची, तीही मुलाच्या पगारातून, टप्प्याटप्प्याने. (बापाची गाडी हवी तर पोराने थोडी झळ सोसावी, हे माझं मत.) मेकॅनिक मात्र लवकर गाठा. फियाट आणि पद्मिनीची (याच फियाटचं पुढचं नाव) जाणकार मंडळी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर पोसली गेली आणि त्यांतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

विम्याच्या ४० लाखांतून आधी वर्षभराचा घरखर्च वेगळा काढा आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे मुदत ठेवीत टाका. मग कर्ज निम्मं तरी फेडा. उरलेल्याचं आपण पुढच्या पत्रात बोलू.

आता कागद, कारण इथे तुम्ही उशीर केलाय. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला तीन महिन्यांची मुदत असते. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती घेऊन आरटीओत जा, उशिराचा दंड लागला तर भरा. हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे चौघे वारस. दिरांचा सल्ला जरूर ऐका, पण गाडीत त्यांचा वाटा नाही.

पुढे कधी विकायची झालीच, तर घरच्या वापरातली गाडी म्हणून भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पैसे मात्र बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे.

आणि मुलगा दसऱ्याला गाडी फिरवून आला म्हणता, ते थांबवा. मालक गेल्यावर जुनी विमा पॉलिसी फार तर तीन महिने चालते, त्याआधी संपली तर तेवढीही नाही. आज ही गाडी कुणाला लागली तर भरपाई तुमच्या त्याच ४० लाखांतून जाईल. नाव बदलेपर्यंत चावी कपाटात ठेवा.