कॅमेरा नंतर, आधी स्थिर राहायला शीक

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. न्यूझीलंडच्या पुअर नाइट्स बेटांपाशी डायव्हिंगला जाऊन आलीस आणि हिरमुसलीस. फोटो हिरवट आले, बोटं बधिर झाली, आणि बाकीचे खाली असतानाच तुझी हवा संपत आली. आता विचारतेस, कॅमेऱ्याला चांगला लाइट घेऊ, पुढचा कोर्स करू, की सोडूनच देऊ? यातलं काहीही करू नकोस. आधी पाण्यात स्थिर राहायला शीक.

तारकर्लीला पहिल्यांदा उतरलीस तेव्हा पाणी कोमट होतं आणि गाइडने तुला धरूनच फिरवलं होतं. न्यूझीलंडच्या पाण्यात ते चालत नाही. हिवाळा सरताना ते 14-15 अंशांवर असतं, म्हणून 7 मिलिमीटरचा सूट. त्या सूटच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. ते वर तरंगवतात, म्हणून कमरेला शिसं बांधायचं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि तेच शिसं खाली ओढायला लागतं. मग तू हातपाय मारतेस, धापा टाकतेस, हवा संपवतेस. उगाच थंडीला दोष देऊ नकोस. तुझ्या पट्ट्यात बहुधा शिसंच जास्त होतं. सिलिंडर 50 बारवर आलेलं असताना, म्हणजे हवा संपत आलेली असताना, 5 मीटरवर, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) जवळजवळ रिकामं करूनही जागच्या जागी राहता आलं पाहिजे. तोवर दोनेक किलो हवा वापरून सिलिंडर तेवढं हलकं झालेलं असतं. वजन त्या क्षणाच्या हिशोबाने ठरवायचं, बोटीवरच्या अंदाजाने नाही.

तिथली पाण्याखालची खडकाची भिंत वीतभर अंतरावरून पाहिलीस का गं? ज्वेल अ‍ॅनिमोन नावाचे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव नखाएवढे असतात. एकाचे दोन होत ते पसरतात, म्हणून जांभळ्यांची वस्ती सगळी जांभळी, तिला खेटून गुलाबी, मग नारिंगी. लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं, म्हणून तुझे फोटो हिरवट. टॉर्च घेऊन जवळ गेलं की रंग परत येतात. पण जवळ जायचं, तर स्थिर राहता आलं पाहिजे! लाइट विकत मिळेल, हे मिळणार नाही.

एकदा एका पाहुण्याने फोटोच्या नादात पायातली वल्ह्यासारखी फिन भिंतीवर आपटली आणि बोटभर नारिंगी स्पंज तुटून माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. 1981 मध्ये हे राखीव क्षेत्र झालं, 1998 पासून मासेमारी पूर्ण बंद आहे, परवानगीशिवाय बेटांवर पाऊल ठेवता येत नाही, तिथल्या न्गातिवाइ या माओरी जमातीच्या लोकांसाठी ती जागा पवित्र आहे. एवढं सगळं जपलेलं आपण लाथेने तोडायचं?

तेव्हापासून ज्याला स्थिर राहता येत नाही त्याला मी कॅमेरा नेऊ देत नाही. लोक चिडले. पैसे भरलेत, तुम्ही कोण अडवणारे, असं म्हणाले. काही जुने सोबती माझ्याबरोबर यायचे बंद झाले, त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण मी हटवादी नाही. भिंतीच्या बाजूने बोलणारं कुणीतरी बोटीवर हवं, आणि बाकी कुणी बोलत नव्हतं.

तेव्हा पुढचे काही महिने तरणतलावात जा. तळापासून हातभर वर, हात छातीशी बांधून, फिन न हलवता राहा. श्वास घेतलास की किंचित वर, सोडलास की किंचित खाली, श्वास कधीही रोखायचा नाही. कंटाळा येईल. येऊ दे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिथल्या उन्हाळ्यात, पाणी 21-22 अंशांवर येतं, खडकाच्या कमानींखाली निळ्या माओमाओ माशांचे थवे असतात. तेव्हा तुतुकाका बंदरातून माझ्याबरोबर चल. वजन आपण दोघं मिळून ठरवू. टॉर्च आण. कॅमेरा आणलास तर तो बोटीवरच राहील, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
काका