‘पुट ऑफ’नंतर ‘टू’ नको

नागपूरच्या धंतोलीतून प्रश्न आला आहे: ‘आय पुट ऑफ टू पे द बिल’ बरोबर, की ‘पुट ऑफ पेइंग’? ‘पेइंग’च. हा ‘टू’ इथल्या बर्डीच्या बाजारात दिवसातून दहादा ऐकू येतो आणि दर वेळी खटकतो. मराठीत ‘बिल भरायला लांबणीवर टाकलं’ कोणी म्हणतं का? आपण ‘भरणं लांबणीवर टाकलं’ म्हणतो. ‘भरणं’ हे नाम झालं, ‘पेइंग’ही इथे नामाचंच काम करतं. सर्वनाम असेल तर मधे घाला: ‘पुट इट ऑफ’. भूतकाळातही ‘पुट’च. नवा दिवस ‘टिल’ने जोडा: ‘वी पुट ऑफ द रामटेक ट्रिप टिल संडे’. आणि ‘आय ॲम पुट ऑफ’ म्हणजे काम राहून गेलं असं नव्हे. मन उडालं, किळस आली.

‘प्रोक्रास्टिनेट’ही लांबणीवर टाकण्याच्याच अर्थाने वापरतात, पण ‘आय प्रोक्रास्टिनेटेड द बिल’ लिहू नका. काही कोश असा सकर्मक वापर मान्य करतात. मला तो मान्य नाही. बिल ‘पुट ऑफ’ करावं, ‘प्रोक्रास्टिनेट’ माणसाने करावं.

खरी गंमत याच शब्दात आहे. लॅटिन ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘क्रास’ म्हणजे उद्या, ‘क्रास्टिनुस’ म्हणजे उद्याचा. काम उद्याच्या हवाली केलं! या ‘क्रास’ला संस्कृत ‘श्वः’चा (अर्थ तोच, उद्या) सख्खा भाऊ ठरवणाऱ्यांनी आधी ‘अश्व’ आणि लॅटिन ‘इक्वुस’, म्हणजे घोडाच, शेजारी ठेवून पाहावेत. संस्कृत ‘श्व’समोर लॅटिनमध्ये ‘क्व’ येतो, ‘क्र’ नव्हे. नुसत्या अर्थावरून नातं जुळत नसतं.

त्यापेक्षा आपल्या कानाजवळचं घ्या. नागपुरात एकाच वाक्यात हिंदी ‘कल’ आणि मराठी ‘काल’ येतात. दोन्ही संस्कृत ‘कल्य’ची, म्हणजे पहाटेची, लेकरं. हिंदीने त्या पहाटेतून मागचा दिवस घेतला आणि पुढचाही. मराठीने फक्त मागचा. इंग्रजी ‘टुमॉरो’तला ‘मॉरो’ही मुळात सकाळच. पुढचा दिवस सांगायला माणसं अनेकदा सकाळकडे बोट दाखवतात, म्हणून आपल्या ‘उद्या’तही मला ‘उदय’च ऐकू येतो, आणि हे मत मी सोडणार नाही.