बेळगाव भागात सिफिलिसचे नोंद न झालेले रुग्ण कसे मोजायचे?

एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन याद्या घ्या आणि दोन्हींत आलेली माणसं मोजा. ही लिंकन-पीटरसन पद्धत, मुळात मासे आणि बदकं मोजण्याची. समजा सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) ६० रुग्ण, खाजगी लॅबमध्ये ४०, दोन्हीकडे १२; तर एकूण रुग्ण अंदाजे ६० × ४० ÷ १२ = २००. याद्यांत मिळून ८८च आहेत, म्हणजे ११२ जण कुठेच नाहीत! निपाणी-अथणीकडचे लोक उपचाराला कोल्हापूर-मिरजेलाही जातात, तेव्हा तिकडच्या याद्या धराच. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. गुपित फुटलं तर बायका तपासणीलाच येणार नाहीत. मात्र क्लिनिकच रुग्णांना त्या लॅबमध्ये पाठवत असेल तर सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो.