शेतातल्या गवताच्या छपराच्या जुन्या दगडी घराचं वय कसं ओळखायचं? पाडावं की ठेवावं?

बेळगावकडच्या खानापूर बाजूला आजोबांचं शेतघर आहे, भिंती दगडाच्या, वर गवत; ते किती जुनं असेल आणि पाडून स्लॅबचं बांधावं का, असं तुम्ही विचारलंय. पाडू नका. आमच्या घरात या एका विषयावर बारा वर्षं वाद चाललाय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं शेतघर जांबोटीच्या रस्त्याला. जांभ्याची भिंत दीड हात जाड, दोन्ही अंगांना मोठे दगड, मधे चिपा आणि माती. सिमेंट नाही, चुनाही नाही. मत्तीच्या लाकडाच्या मेढी म्हणजे खांब, वर आढं म्हणजे माथ्याची आडवी तुळई, त्यावर वासे, वाशांवर चिव्याच्या म्हणजे बारीक बांबूच्या कांब्या, केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरानं बांधलेल्या. एक सोपा म्हणजे पुढची ओसरी, एक चुलीची खोली, बाजूला गोठा. माझ्या आज्जीची सगळी बाळंतपणं तिथंच झाली.

वडील गेल्यावर दादानं ठरवलं की दर दोन वर्षांनी शाकारणी, म्हणजे छपरावर नवं गवत घालणं, कोण करणार, गवत कापायला माणसं मिळत नाहीत. मी तेव्हा नोकरीसाठी बेळगावात. गणपतीला गावी आलो तर गवत उतरवून सिमेंटचे पत्रे घातलेले. आई एवढंच म्हणाली, "मी तवाच बोललो होतो, ऐकतंय कोण?"

आता नेमकं काय झालं ते सांगतो, कारण हे कुणी नीट सांगत नाही. गवताचं छप्पर उभट असावं लागतं. काटकोनाच्या निम्मा तरी उतार हवा, नाहीतर पाणी घरंगळण्याऐवजी गवतात मुरतं. आणि गवत भिंतीच्या दोन-अडीच फूट बाहेर खाली उतरलेलं असतं. त्या वळचणीमुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. दादानं उतार कमी केला, वासे कापले. वळचण उरली वीतभर. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडून येणारा आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे, तो सरळ पडत नाही, आडवा झोडपतो. पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओलीचिंब. मग भिंत ओली होतेय म्हणून दादानं बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. मातीतली भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते, तिचा जन्म त्यावरच असतो. गिलाव्यानं बाहेरची वाट बंद केली. फटीतून पाणी आत जात राहिलं आणि आतच राहिलं. मधली माती मऊ होऊन खाली बसली, चौथ्या वर्षी गोठ्याकडच्या भिंतीला पोट सुटलं. दादा आजही म्हणतो, जुनी भिंत होती, पडायचीच होती. माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी असलेली भिंत नेमकी त्याच चार वर्षांत का म्हातारी झाली, याचं उत्तर त्यानं कधी दिलेलं नाही.

वयाचं म्हणाल तर गवत बघू नका, ते दर दोन-तीन वर्षांनी बदललेलं असतं. लाकूड बघा. जोड लाकडी खुंट्यांचे आहेत की लोखंडी खिळ्यांचे? दगडावर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, वेडेवाकडे घाव आहेत, की मशीनच्या पात्याचे सारखे ओरखडे? मशीनचे असतील तर घर फार जुनं नाही. वर कौलं असून उतार मात्र फार उभा असेल, तर आधी गवत होतं समजा. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. तशी कौलं नंतर आपल्याकडं आली, खानापूरच्या मातीचीही होऊ लागली, आणि ज्याला परवडलं त्यानं गावातलं घर आधी कौलारू केलं. शेतातली घरं गवताचीच राहिली. पहाणीत, म्हणजे शेताच्या सरकारी उताऱ्यात, शेत आणि पीक दिसतं, घराचं वय नाही. 1956 च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो, तेव्हाचे मराठी किंवा मोडीतले कागद ट्रंकेत असतील तर ते वाचून घ्या. वाटणीपत्रात घराचा उल्लेख अनेकदा सापडतो. आमच्या घराचा तसाच सापडला.

आणखी एक, आपली घरं अथणीच्या घरांशी तोलू नका. तिकडं पाऊस कमी, म्हणून माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, चालतं. माझ्या एका पाव्हण्यानं तिकडचं बघून इथं तसंच करायचा हट्ट धरला होता. इथं ते एक मिरग काढणार नाही.

दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत आणि त्या दादाच्या बाजूच्या आहेत. गवत चुलीच्या धुरानं टिकतं, धुरानं कीड लागत नाही, वासे काळे आणि टणक होतात. घरात कुणी राहत नसेल, चूल पेटत नसेल, तर गवत लवकर कुजणारच. आणि वीज घेणार असाल तर उघडी वायर गवताखालून नेऊ नका. अशा वेळी कौलं घाला, पण वळचण कापू नका आणि भिंतीला सिमेंट लावू नका. सांधे मातीनं किंवा चुन्यानं भरून घ्या. पोट आधीच सुटलेलं असेल तर जुन्या गवंड्याला दाखवा. तेवढाच भाग उतरवून, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालून तो पुन्हा रचता येतो. आमची गोठ्याकडची भिंत गेल्या उन्हाळ्यात तशीच रचली. खर्च मी केला, दगड तेच वापरले. पत्रे अजून तसेच आहेत, दादाच्या हिश्श्यावर आणि माझ्याही. पुढच्या मिरगाआधी निदान माझ्या बाजूचे काढून तिथं पूर्वीच्या उतारावर कौलं चढवायची आहेत.