मोटरहोमसाठी (आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) गूगल मॅप्स पुरेल का, की वेगळं नॅव्हिगेशन घ्यावं?

वेगळं घ्या, आणि गाडीची उंची, वजन, लांबी भरता येते असंच घ्या; गूगल मॅप्समध्ये ती सोय नाही. तो मोटरहोमलाही साधी कार समजून रस्ता काढतो. मग समोर ठेंगणा पूल आला की एवढं धूड रिव्हर्स घेताना घाम फुटतो. अमेरिकेत डरहम शहरातला 11 फूट 8 इंच उंचीचा रेल्वेपूल गाड्यांची छपरं सोलण्यासाठी कुप्रसिद्ध होता. 2019 मध्ये तो 8 इंचांनी उचलला, तरी उंच गाड्या त्याला अजून घासतातच. गार्मिनची आरव्ही मालिका (गाडीत लावायची जीपीएस उपकरणं) किंवा फोनवर सायजिकचं ट्रक-आरव्ही अ‍ॅप ही मापं धरून रस्ता ठरवतं. डोंगरात रेंज जाते, म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करा. उंची कागदपत्रांवरची भरू नका: छतावरचा एसी, अँटेना धरून टेपने मोजा आणि आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. फक्त एवढं लक्षात असू द्या, एखाद्या पुलाची नोंद या नकाशांतही राहून गेलेली असू शकते. रस्त्यावरची पाटी वेगळं सांगत असेल तर पाटीचंच ऐका.