‘मी काय दारुडा आहे?’

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ४६. रोज दोन क्वार्टर लागतात, सकाळी हात थरथरतात. विषय काढला की ‘मी काय दारुडा आहे? मनात आणलं तर उद्या सोडीन’ म्हणतात. नकळत चहातून द्यायची पावडर मिळते, ती द्यावी का? की जबरदस्तीने भरती करावं?

उत्तर : ताई, पावडर आधी बाजूला ठेवा. अशा पुड्यांत बरेचदा डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असतं. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

‘उद्या सोडीन’ म्हणाले तर तसं अचानक सोडूही देऊ नका. इतकी पिणाऱ्याला दारू बंद झाल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. ही वेळ दवाखान्यात, डॉक्टरांच्या गोळ्यांवर काढायची. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावत असतील तर रोज दारू पितात हे तिथे आवर्जून सांगा. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी लागतं. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता ‘मी दारुडा नाही’बद्दल. हा प्रत्येक वेळी खोटेपणा नसतो. दारूने मेंदूचा पुढचा भाग मंदावतो आणि स्वतःकडे पाहणारी नजरच अधू होते. त्यामुळे कबुलीची वाट पाहत बसू नका. त्यांना स्वतःला काय खुपतं? झोप, जळजळ, थरथर? त्यासाठीच डॉक्टरांकडे न्या. सकाळी, प्यायच्या आत, त्यांच्या पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवा. तो कसा फडफडतो ते त्यांना दिसतं. वाद घालावा लागत नाही. प्यायलेले असताना मात्र एक शब्दही नको.

भरतीबद्दल : दारूमुळे झालेल्या मानसिक अवस्था २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात. जिवाला धोका, मारहाण किंवा स्वतःची काळजी घेता न येण्याइतकी अवस्था असेल आणि स्वतःचा निर्णय घ्यायला मोठ्या आधाराची गरज पडत असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. त्याआधी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं : एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरे मानसिक आरोग्य क्षेत्रातले तज्ज्ञ किंवा डॉक्टर. नुसती बायकोची सही पुरत नाही. गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. नोंदणी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. काही अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : वडील भरती राहून आले. दोन महिने दारू बंद आहे. आता ‘मी बरा झालो, गोळ्या कशाला’ म्हणतात. म्हणजे त्यांना समज आली ना?

उत्तर : लगेच तसं समजू नका. केंद्रात ऐकलेली वाक्यं सगळ्यांनाच पाठ होतात. त्यांना नेमकं विचारा : ‘पुतण्याच्या हळदीत चुलतभावाने ग्लास पुढे केला तर काय कराल?’ ‘नाही म्हणीन’ एवढंच उत्तर आलं तर तयारी कच्ची आहे. ‘जेवून नऊला निघेन, तुझ्या गाडीवरूनच येईन’ हे पक्कं. गोळ्यांचं म्हणाल तर, नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट ही पुन्हा पिणं टाळायला मदत करणारी औषधं साधारण सहा महिने तरी चालतात. परस्पर बंद करू नका. पुन्हा प्यायलेच तर भांडण न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि दोन महिन्यांनंतरही ते तेच तेच विचारत असतील, न घडलेल्या गोष्टी ठामपणे सांगत असतील, तर तो हट्ट नाही. स्मृतीची तपासणी करून घ्या.