रोजगार आणि कौशल्य योजनांच्या जाहिरातींवर सरकार किती खर्च करतं, ते कसं कळतं? त्याचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा, की गोव्यातल्या पेपरांत 'मोफत प्रशिक्षण, हमखास रोजगार' अशा पानभर जाहिराती येतात, त्यांचा खर्च नेमका कुठे दिसतो आणि त्या वाचून कोणाला खरोखर काम लागतं का. मी पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात अकरा वर्षं काढली. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगू शकतो. एक आधीच कबूल करतो : माझ्या पगारातला बराच भाग याच जाहिरातींतून निघायचा, तेव्हा मी काही सोवळा नाही.

खर्च शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. पर्वरीला, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा त्यासोबत मागण्यांची, म्हणजे कुठल्या खात्याला कशासाठी किती पैसे हवेत त्याची, जाडजूड पुस्तकं असतात. त्यांत २२२० हे लेखाशीर्ष (खर्चाच्या सदराचा क्रमांक) माहिती आणि प्रसिद्धीचं, २२३० कामगार, रोजगार आणि कौशल्य विकासाचं. २२२० मध्ये ६०, त्याखाली १०१ बघा, तिथे 'जाहिरात व दृश्य प्रसिद्धी' सापडेल. शिवाय खात्यांच्या स्वतःच्या खर्चात शेवटचा दोन आकडी कोड असतो, त्यात २६ म्हणजे जाहिरात आणि प्रसिद्धी. बहुतेक लोक हा २६ बघतात आणि पुस्तक मिटतात. फसगत इथेच होते.

कारण प्रसिद्धीचा खर्च २६ मध्ये मावत नाही. रोजगार मेळाव्याचा मंडप, एलईडी पडदा, निवेदक, माणसं आणायला ठरवलेल्या बसगाड्या, चहा-बटाटवडा हे सगळं 'इतर खर्च' नाहीतर कार्यक्रमाच्या नावाखाली जाऊ शकतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या केंद्रात प्रशिक्षणार्थ्याला टी-शर्ट आणि बॅग मिळते, केंद्राबाहेर ठरलेल्या रंगाचा, ठरलेल्या चिन्हाचा बोर्ड लागतो. वर्गात बसलेली तीस मुलं एकाच लोगोच्या टी-शर्टात फोटोला उभी राहिली, की ती जाहिरातच झाली. पण हिशेबात ती प्रशिक्षणाच्या बाजूला बसते.

याच योजनेचा मूळ आराखडा बघण्यासारखा आहे. मार्च २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला १,५०० कोटी मंजूर केले. त्यांतले ६७ कोटी जनजागृती आणि मुलं गोळा करण्यासाठी, आणि प्रशिक्षण संपल्यावर मार्गदर्शन करून नोकरीला लावण्यासाठी तेवढेच, ६७ कोटी. म्हणजे 'या या' म्हणायला जेवढे, तेवढेच कामाला चिकटवून द्यायला. आता तुम्हीच सांगा, यांतलं कुठलं काम जास्त कष्टाचं? निदान तिथे रक्कम आधीच कागदावर होती. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही रोजगाराची योजना नव्हे, पण तिचं उदाहरण द्यावंच लागतं. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने २०२१ मध्ये दाखवून दिलं, की २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसारमाध्यमांतल्या प्रचारावर गेली. समितीच्या अध्यक्ष होत्या हीना गावित, तेव्हा नंदुरबारच्या खासदार आणि सत्ताधारी पक्षाच्याच. त्यामुळे विरोधकांनी ओरड केली असं म्हणायला जागा नाही.

आता आमच्या टेबलावरची गंमत.

सरकारी जाहिरात येते ती आरओवर, म्हणजे रिलीज ऑर्डरवर. त्यावर आकार, तारीख, पान, रंगीत की काळी-पांढरी, सगळं लिहिलेलं. पैसे जागेवर ठरतात, मजकुरात काय आहे यावर नाही. मोठ्या पेपराचं पान साधारण ३३ बाय ५२ सेंटीमीटर, म्हणजे १,७१६ चौरस सेंटीमीटर. आयटीआय प्रवेशाची साधी सूचना दोन कॉलम रुंद, दहा सेंटीमीटर उंच, जेमतेम ८० चौरस सेंटीमीटर. एका पानाच्या जागेत अशा एकवीस सूचना बसतात. रंगाचा आणि पहिल्या पानाचा जादा दर मी धरलेलाच नाही.

आणि मजा अशी, की जी बाराव्या पानावर निविदांच्या आणि हरवलेल्या दाखल्यांच्या शेजारी चेपलेली असते, तीच कामाची. तिच्यात ट्रेड, म्हणजे शिकवले जाणारे कामधंदे, असतात, शिक्षणाची अट असते, शेवटची तारीख असते. पानभर जाहिरातीत फोटो असतात. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचा फोटो नको म्हटलं होतं. १८ मार्च २०१६ ला त्याच न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही वाट करून दिली. मधल्या त्या दहा महिन्यांत आमच्या डिझायनरला पान भरायला काय टाकावं हा प्रश्न पडायचा. नाइलाजाने योजनेची माहिती टाकावी लागायची.

एकदा एका खात्याची प्रशिक्षणाची जाहिरात संध्याकाळी साडेसातला आली. मूळ इंग्रजी, मराठी कोणीतरी घाईत केलेलं. 'उपलब्ध व्यापार' अशा मथळ्याखाली यादी होती : जोडारी, संधाता, तारतंत्री. ट्रेडचं व्यापार झालेलं, फिटरचा जोडारी, वायरमनचा तारतंत्री! मी फोन केला, तर पलीकडून उत्तर, मंजूर मजकुरात काना-मात्रा बदलायची नाही. छापली तशीच. दुसऱ्या दिवशी सावर्डेहून एका बापाचा फोन. मुलगा दहावी पास, वेल्डिंग शिकायचंय, पेपरात फिटर आणि वेल्डर नाही का? म्हटलं, आहे हो काका, संधाता म्हणजेच वेल्डर. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मग तसं लिहायला काय झालं?" त्यांना फॉर्म कुठे मिळतो तेही मीच सांगितलं, कारण खाली छापलेला नंबर लागत नव्हता. अख्ख्या पानातून आमच्या टेबलापर्यंत पोचलेला हा एक फोन. त्या जाहिरातीचं बिल मात्र पूर्ण निघालं. (निघालं म्हणजे आम्ही काढलं. पैसे यायला आठ महिने लागले. ज्याची थकबाकी असते त्याला कुठला पेपर उलट प्रश्न विचारतो?)

उपयोग होतो का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होतो, पण कशासाठी ते बघा' असं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर दोन दिवसांचा मोठा रोजगार मेळावा झाला. जाहिरातीचं काम गर्दी जमवणं, ती जमली. मी गेलो होतो. रांगेतल्या कित्येक पोरांच्या फाइलीत पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड होतं. हे कागद सरकारी नोकरीला लागतात. टेबलापलीकडच्या खाजगी कंपनीला बायोडेटा हवा होता. काणकोणहून पहाटे निघालेला एक मुलगा बायोडेटा टाइप करून मिळेल का म्हणून झेरॉक्सचं दुकान शोधत होता. जाहिरातीत 'सोबत बायोडेटाच्या पाच प्रती आणा' एवढं ठळक टाकलं तर त्याला जागा किती लागेल? अशा मेळाव्याचे नंतर तीन आकडे असतात : नोंदणी किती, ऑफर किती, रुजू किती. आभाराच्या जाहिरातीला पहिला चालतो. तुम्ही तिसरा मागा.

जाहिरातीच नकोत असं माझं म्हणणं नाही. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावात होंड्याच्या आयटीआयत कुठले ट्रेड आहेत ते कळायचं कसं? २०२० पासून 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून सरकारी अधिकारी पंचायतींत जातात, त्यांतला एखादा मनावर घेणारा असेल तर पन्नास जाहिरातींचं काम करतो. सगळेच तसे नसतात.

तुम्ही माहिती हक्काखाली अर्ज करणार असाल (२००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील), तर 'एकूण खर्च किती' असं विचारू नका. एक आकडा हातात येईल आणि त्याचं लोणचंही घालता येणार नाही. एकच योजना निवडा, एकच आर्थिक वर्ष धरा आणि तिच्या सगळ्या आरओंच्या प्रती मागा. सोबत त्या योजनेची अर्जाची शेवटची तारीख, मेळावा झाला असेल तर मंडप-गाड्यांची बिलं, आणि प्रशिक्षणानंतर रुजू झालेल्यांची संख्या. नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून नाकारतील. आमदार ओळखीचा असेल तर हेच प्रश्न एलएक्यू (आमदाराचा लेखी नोंदवलेला प्रश्न) म्हणून विधानसभेत विचारायला सांगा, उत्तराला तक्ते जोडलेले मिळतात.

मग आरओवरची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख शेजारी शेजारी लिहा. शेवटच्या तारखेआधी छापलेली जाहिरात मुलांसाठी. नंतर छापलेली, 'यशस्वी शुभारंभ', 'हजारो युवकांना लाभ' वगैरे, ती कोणासाठी ते तुम्हाला कळेलच. माझ्या टेबलावरून गेलेल्या मोठ्या आकाराच्या जाहिरातींत ही दुसरी जात जास्त होती, आणि आचारसंहिता लागायच्या आधीच्या आठवड्यात तर आम्हाला पानं वाढवावी लागायची.

उत्तर हातात आलं की इथे टाका. चौरस सेंटीमीटरचा हिशेब मी करून देतो, अजून तोंडपाठ आहे.